जुन्या बेस गिटारचा भाव नव्हे, नेक पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गिटारींतल्या गुंतवणुकीवरचा लेख आला, तो दोनदा वाचला. मराठी दैनिकाने या विषयाला पान दिलं याबद्दल आधी आभार. पण 'संग्रह वाढवायचा असेल तर डोळे झाकून १९६५ पूर्वीचा फेंडर घ्या' हा त्यातला सल्ला काही पचनी पडला नाही. फेंडर ही अमेरिकी गिटार कंपनी. तिचा मूळ रंगाचा, मूळ पार्टचा असा जुना बेस (खर्जाची गिटार) आज अमेरिकेत दहा हजार डॉलरच्या खाली सहसा येत नाही. तो डोळे झाकून घ्यायला निघालेल्या माणसाला घरचे आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतील आणि मग दुसऱ्या.

मी वीज मंडळात नोकरी केली आणि गणपतीपासून शिमग्यापर्यंत ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. पंचमदांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस नेमका काय करतोय हे कळावं म्हणून कॅसेट मागेपुढे करून टेपरेकॉर्डरची बटणं झिजवली. त्या काळात एकच बेस होता, कलकत्ता बनावटीचा. निवृत्तीनंतर थोडा पैसा आणि बराच वेळ हाताशी आला, तेव्हा फेंडरचं प्रिसिजन हे मॉडेल, १९७४चं, आलं आणि मागोमाग सत्तरच्या दशकाच्या अखेरचा, फेंडरच्याच जॅझ बेस या मॉडेलच्या घाटाचा एक जपानी बेस. आता पुढचा कोणता, यावर घरात रोज चर्चा असते. म्हणजे मी बोलतो आणि बायको भाजी निवडते.

आधी त्या १९६५चं. लिओ फेंडर यांनी जानेवारी १९६५मध्ये आपली कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली. तेव्हापासून 'सीबीएसच्या आधीचं' आणि 'सीबीएसच्या नंतरचं' अशी फाळणी झाली आणि भाव त्या रेषेवर ठरू लागले. नंतरच्या वर्षांत काटकसर आणि घाई वाढली हे खरंच आहे. सत्तरच्या दशकातले बरेच बेस उगाच जड आहेत, माझाही आहे. पण विक्री झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी फुलर्टनच्या कारखान्यात तीच यंत्रं होती, तेच कामगार होते. लाकडाला खरेदीखत वाचता येत नाही. १९६४चा वाकलेला नेक (गिटारची लांब मान) आणि १९७४चा सरळ नेक यांत वाजवणाऱ्याने कोणता घ्यायचा, हा प्रश्न मला तरी पडत नाही.

आणि साल तरी कशावरून ठरवायचं? लेखात 'सीरियल नंबर पाहा' एवढंच म्हटलंय. १९७६पर्यंत फेंडरचा नंबर मागच्या पत्र्यावर असायचा. चार स्क्रू काढले की तो पत्रा निघतो आणि दुसऱ्या बेसला बसतोही. म्हणून जाणकार माणूस आत पाहतो. माझ्या प्रिसिजनचा पांढरा पिकगार्ड (तारांखालची प्लास्टिकची चकती) उचलला की खाली आवाजाचा आणि टोनचा असे दोन पॉट, म्हणजे बटण फिरवून आवाज बदलणारे भाग, आहेत. त्यातल्या एकाच्या धातूच्या पाठीवर १३७७४३२ असा आकडा ठोकलाय. १३७ म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, ७४ म्हणजे १९७४ आणि ३२ म्हणजे त्या वर्षाचा बत्तिसावा आठवडा. आकडा वाचून झाला की भिंग तसंच पॉटला वायर जोडणाऱ्या डाखाच्या (सोल्डरच्या) टिपक्यावर न्यायचं. टिपका जुना, मंद, एकसंध आहे का, की कोणी अलीकडे बत्ती लावून नवा डाख सोडलाय? बाजूच्या लाकडावर डाखाचे नवे थेंब उडालेले दिसले तर बाकी सगळी कहाणी ऐकायची गरज उरत नाही. यातही एक मेख आहे. फेंडरने १९६६मध्ये पॉट घाऊक भावाने घेऊन ठेवले आणि पुढची दोनतीन वर्षं तेच वापरले. त्यामुळे '६६चा पॉट म्हणजे '६६चा बेस असं होत नाही. बेस त्याच्या आधीचा नाही, इतकंच त्यावरून कळतं, तेही डाख मूळचा असेल तर.

लेखात न आलेली दुसरी गोष्ट चोरीची. बेसच्या इतिहासातली तीन सर्वांत गाजलेली वाद्यं घ्या. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गला तीसेक पौंडांत घेतलेला जर्मन बनावटीचा हॉफ्नर, मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमरसन यांचा १९६२चा प्रिसिजन आणि अमेरिकी बेसवादक जाको पास्टोरिअस यांचा १९६२चा, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काढून टाकलेला जॅझ बेस. तिन्ही चोरीला गेले. जेमरसन यांचा, त्यांचं १९८३मध्ये निधन झालं त्याच्या थोडं आधी गेला, तो गेलाच. जाकोंचा १९८६मध्ये गेला आणि वीसेक वर्षांनी वर आला. मॅकार्टनींचा १९७२मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून गेला आणि २०२४च्या फेब्रुवारीत सापडल्याची बातमी आली, ती तुमच्याही अंकात होती. म्हणजे मधली पन्नास वर्षं तो कोणाच्या तरी घरात नांदत होता. म्हणून नंबर, आधीच्या मालकाची पावती, जुने फोटो यांतलं काही ना काही विक्रेत्याकडून घ्यावंच. 'काकांकडून आला' एवढ्यावर पैसे देऊ नयेत.

तिसरी गोष्ट तर आपल्याच जंगलातली. जुन्या बेसचा फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं दाबायची फळी, बहुतेक वेळा रोजवूडचा असतो. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत फेंडर ब्राझिलियन रोजवूड वापरायचे, पुढे ते भारतीय रोजवूडकडे वळले. म्हणजे आपला शिसव. माझ्या आजोबांच्या दिवाणाचं लाकूड आणि कॅलिफोर्नियातल्या बेसचा फिंगरबोर्ड एकाच जातीचा, हे मला अजून गमतीचं वाटतं. गंमत सोडली तर व्यवहार असा आहे: ब्राझिलियन रोजवूड १९९२पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे प्रमाणपत्राशिवाय ते सीमा ओलांडू शकत नाही, मग वाद्य कितीही जुनं असो. बाकीच्या रोजवूडवरही २०१७च्या जानेवारीत बंधनं आली, पण तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९पासून त्यातून सवलत मिळाली. तेव्हा ज्या १९६५ पूर्वीच्या फेंडरसाठी डोळे झाकायला सांगितलंय, तो कस्टम्समध्येच अडकण्याची शक्यता जास्त. गुंतवणुकीच्या लेखात ही ओळ नसावी याचं आश्चर्य वाटलं.

आता माझ्या पुढच्या बेसकडे येतो. माझ्याकडचे दोन्ही परदेशी बेस लांब नेकचे, चौतीस इंची स्केलचे (म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीचे) आणि भरीव लाकडाचे. आणखी एक फेंडर आणला तर भिंतीवर शोभा वाढेल, आवाजात काही भर पडणार नाही. मला हवाय तो आखूड नेकचा, गोल, थोडा लाकडी आवाज. चौसष्टाव्या वर्षी साडेचार किलोचा प्रिसिजन तासभर खांद्याला लावला की दुसऱ्या दिवशी मान वळत नाही, हेही कारण आहेच.

गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचा ईबी-झिरो पाहिला. साडेतीस इंची स्केल, महोगनीचा, दिसायला देखणा. पण त्याचा तो मोठा पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) अगदी नेकला चिकटून बसवलेला, त्यामुळे आवाज गढूळ. आमच्यासारख्या ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीत तो कुठल्या कुठे हरवेल. शिवाय गिब्सनचं डोकं मागे कललेलं असतं आणि नटजवळ (डोक्यापाशी तारा टेकतात त्या पट्टीजवळ) लाकूड कमी. केस उभी असताना पडली की तिथेच मोडतं. जुन्या नगाची डोक्याची मागची बाजू उजेडात तिरपी धरून पाहावी, चिकटवल्याची रेघ दिसतेच. रिकनबॅकर ४००१ हा तिसरा अमेरिकी बेस मनात आहे, खिशात नाही. नेकमध्ये त्याला सरळ ठेवणाऱ्या दोन सळया, आणि त्या कोणी अडाण्याने पिळल्या असतील तर पुढचं निस्तरणं आपल्याकडे.

राहिला हॉफ्नर ५००/१, व्हायोलिनच्या आकाराचा. कार्ल हॉफ्नर यांनी १८८७मध्ये आताच्या चेकियातल्या शोनबाख गावात सुरू केलेली ही व्हायोलिनवाल्यांची पेढी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मनांना गाव सोडावं लागलं आणि धंदा बव्हेरियात बुबेनरॉइटला आला. तिथे वॉल्टर हॉफ्नर यांनी १९५६मध्ये हा बेस बाजारात आणला. आतून पोकळ, त्यामुळे वजन माझ्या फेंडरच्या जवळपास निम्मं. स्केल तीस इंची.

तो घेणाऱ्याला दोन गोष्टी माहीत हव्यात. त्याची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी सुटी, फक्त तारांच्या दाबाने उभी असते. तारा बदलताना चारही एकदम सोडल्या तर घोडी हातात येते आणि जागा पुन्हा शोधत बसावं लागतं. एक काढायची, एक चढवायची. आणि त्याच्या कंट्रोलच्या पट्टीवर रिदम-सोलो असा खटका असतो. रिदमकडे असला की आवाज एकदम बसतो. वाद्य बिघडलंय असं समजून परतणारे लोक आहेत, आणि त्याच भीतीने भाव पाडून घेणारेही.

साठच्या दशकातला हॉफ्नर मला नको. बीटल्सचं नाव भावात मिसळलेलं असतं आणि लाकडाच्या कागदपत्रांची डोकेदुखी वेगळी. सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतला पाहतोय. भाची श्टुटगार्टला असते. तिला वाजवता येत नाही, पण फोनवर एवढं करायला सांगितलंय: प्रत्येक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धर आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तारेखाली किती फट दिसते त्याचा फोटो काढ. पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट असेल तर ठीक. मग नेक जिथे धडाला चिकटतो त्या सांध्याचा फोटो. तिथे केसाएवढी जरी चीर असली तरी नाही म्हणायचं, कारण हा नेक फेंडरसारखा स्क्रूने बसवलेला नसतो, सरसाने चिकटवलेला असतो. आमच्याकडे मे महिन्यात लाकूड तडकतं आणि जुलैत फुगतं. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर गेला. बेस पोटमाळ्यावर होते म्हणून राहिले, पण दमटपणा तिथवरही पोचला होता.

नट झिजलेला असेल, फ्रेट घासायचे असतील तर त्याची मला काळजी नाही. मिरज दहा किलोमीटरवर आहे. तिथले एक तंबोरा बनवणारे कारागीर माझ्या जपानी बेसचा हाडाचा नट हाताने घासून देऊन गेलेत. गिटारीचं काम त्यांचं नव्हे, पण तार कुठे टेकली की काय बोलते हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? त्यांनी कानस फिरवून चौथी तार छेडली, मान हलवली, पुन्हा दोनदा कानस फिरवली आणि म्हणाले, "आता जवारी गेली बघा." जवारी म्हणजे तारेची झणझण. तो बेस त्यानंतर कुठेही खरखरलेला नाही.

जाता जाता त्या जपानी बेसबद्दलही. अमेरिकी गिटारींची 'कॉपी' म्हणून लेखकांनी त्यांना एका वाक्यात उडवून लावलंय. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्यात आयबानेझ आणि ग्रेको या नावांच्या गिटारी बनायच्या आणि १९८२मध्ये खुद्द फेंडरने जपानमधलं काम त्याच कारखान्याला दिलं. कॉपी वाईट असती तर असं झालं असतं का? नव्या पोराने पहिला जुना बेस घ्यायचा तर मी जपानीच सुचवेन. भाव आवाक्यात, लाकूड वाळलेलं, फ्रेटचं काम चोख.

एक विनंती. पुरवणीत पुन्हा या विषयावर लिहाल तेव्हा डॉलरच्या तक्त्याशेजारी आपल्याकडच्या वाद्यांनाही जागा द्या. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, सोलापूर इथल्या ऑर्केस्ट्रांचे स्टेज ज्या देशी बेसवर उभे राहिले, ते आज माळ्यावर नाहीतर भंगारात आहेत. लिलावात त्यांना कोणी विचारणार नाही, पण माझ्या संग्रहात हॉफ्नरनंतरची जागा अशाच एकासाठी ठेवलीय. ज्यांच्याकडे असा बेस असेल त्यांनी तो रंगवू नये, पार्ट बदलू नयेत. कोणी वाजवला, कोणत्या ऑर्केस्ट्रात, कुठल्या दुकानातून किती रुपयांना घेतला, हे एका कागदावर लिहून केसमध्ये ठेवावं आणि केस जमिनीपासून उंच ठेवावी.

आपला,
एक जुना बेसवादक
गावभाग, सांगली