पित्तनलिकेतला खडा निघाला, पण उपचार अर्धाच झाला

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत पित्ताशयातल्या खड्यांवर आलेला लेख वाचला. दुर्बिणीतून पित्ताची पिशवी काढतात आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो, हे त्यात सोप्या शब्दांत सांगितले आहे. पण खडा पिशवीतून निसटून पित्तनलिकेत उतरला तर पुढे काय, यावर एक ओळही नाही. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या शल्यगृहात आणि सर्जरी वॉर्डात परिचारिका म्हणून झाली. जास्त हाल मी या नळीतल्या खड्याच्या रुग्णांचे पाहिले. उपचार कितीतरी सुधारले, तरी त्यांचे हाल अजून थांबलेले नाहीत, म्हणून हे पत्र.

पिशवीतला खडा वर्षानुवर्षे काही त्रास न देता राहू शकतो. नळीतल्या खड्याचा तसा भरवसा धरता येत नाही. यकृताकडून आतड्याकडे येणारी ही नळी एरवी सहा-सात मिलिमीटर रुंद असते आणि आतड्यात उघडणारे तिचे तोंड त्याहून अरुंद. तिथे खडा अडकला की पित्त मागे तुंबते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाला पांढरट होते, अंगाला खाज सुटते. स्वादुपिंडाची नळीही त्याच तोंडाशी येते, त्यामुळे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर थंडी वाजून ताप येतो. उजव्या बरगडीखाली दुखणे, थंडीताप आणि कावीळ ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर एक रात्रसुद्धा घरी काढू नये. असे रुग्ण संध्याकाळी बोलत असतात आणि पहाटेपर्यंत त्यांचा रक्तदाब लागेनासा होतो.

आपल्याकडे मात्र कावीळ म्हटली की आधी ती उतरवायला नेतात. गळ्यात माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळे झाले की कावीळ निघाली म्हणतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्याचे श्रेय माळेला मिळते. त्या विश्वासावर अडकलेल्या खड्याचा रुग्णही आठ-पंधरा दिवस घरी बसतो. कावीळ कोणत्या जातीची आहे हे रक्ततपासणी आणि सोनोग्राफी केल्यावर कळते. नळीतला खडा सोनोग्राफीत कधी कधी सुटतो, तेव्हा एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेची एमआरआय तपासणी, करावी लागते.

नळी उघडून खडा काढण्याची शस्त्रक्रिया जुनी आहे. बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी १८८२ साली पहिल्यांदा पित्ताशय काढले आणि १८९० मध्ये बाझेलच्या कुर्व्हाझिए यांनी पित्तनलिका उघडून खडा काढला. मी नोकरीला लागले तेव्हाही जवळपास तेच चालत होते. पित्त आतड्यात पोचत नसल्याने ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून अशा काविळीच्या रुग्णाला आधी त्याची इंजेक्शने देत असू. मग बरगडीखाली लांब छेद, नळी उघडून वाकड्या चिमट्याने खडे काढणे, सलाईनने नळी धुणे आणि शेवटी आत रबराची टी-ट्यूब ठेवून तिचे टोक पोटातून बाहेर काढणे. बाटलीत जमणारे हिरवट-पिवळे पाणी बघून नातेवाईक घाबरत. ते रोज मोजून लिहिणे हे आम्हा सिस्टरांचे काम. आठवड्या-दहा दिवसांनी ट्यूबमधून औषध सोडून एक्स-रे काढायचा. नळी मोकळी दिसली तरच पुढे ट्यूब निघायची. दुखणे मोठे होते, मुक्काम लांबायचा, पण एक गोष्ट चांगली होती: पिशवी आणि नळी यांचे काम एकाच वेळी व्हायचे आणि ट्यूब काढल्याशिवाय रुग्ण नजरेआड होत नसे.

१९७४ मध्ये जर्मनीत आणि जपानमध्ये डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून नळीचे तोंड आतूनच कापून खडा काढून दाखवला. आज आपण ज्याला ईआरसीपी म्हणतो ती हीच पद्धत. पोटावर टाका नाही. छोटा फुगा किंवा तारेची जाळी नळीत सरकवून खडा ओढून घेतात. पंधरा मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर कधी आतच फोडावा लागतो. शंभरातल्या साधारण पाच जणांना नंतर स्वादुपिंडाची सूज येते, रक्तस्रावही होऊ शकतो, म्हणून ती सोपी समजू नये. पण तुंबलेल्या पित्तात जंतू झालेल्या रुग्णाचा तिने जीव वाचतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरा मार्ग पोटावरच्या दुर्बिणीचा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढले. पुढे त्याच छिद्रांतून नळीतला खडाही काढता येऊ लागला. खडा लहान असेल तर पिशवीच्या देठातून, नळी फुगलेली असेल तर ती उघडून. एकाच भुलीत दोन्ही कामे होतात. सरावाच्या हातांत या दोन्ही मार्गांचे निकाल जवळपास सारखे येतात. खड्याचा आकार, नळीची रुंदी आणि जवळ कोणता तज्ज्ञ आहे, यावर मार्ग ठरावा.

माझी खरी तक्रार यापुढची आहे. ईआरसीपी करणारे डॉक्टर बहुतेक मोठ्या शहरांत. रुग्ण तिकडे जातो, खडा निघतो, पित्त वाहते राहावे म्हणून नळीत प्लॅस्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, ठेवतात. कावीळ उतरते, दुखणे थांबते, माणूस गावी परततो. मग पेरणी येते, ऊसतोड येते, घरात लग्न निघते. पिशवी आत खड्यांसह तशीच राहते आणि स्टेंटही. प्लॅस्टिकचा स्टेंट काही महिन्यांत गाळाने बुजतो, म्हणून साधारण तीन महिन्यांच्या आत तो काढावा किंवा बदलावा लागतो. बुजला की तोच थंडीताप, तीच कावीळ. वर्ष उलटून गेल्यावर अशा तापाने फणफणत आलेली बाई मी पाहिली. तिच्या पोटात काही ठेवले आहे हे तिला ठाऊकच नव्हते. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिले होते, इंग्रजीत, औषधांच्या यादीखाली, आणि घरातल्या कोणाला वाचता येत नव्हते. तिचा त्यात काय दोष?

पिशवीचेही तसेच. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नळीतले खडे काढल्यावर पिशवी तशीच ठेवलेल्यांपैकी ४७ टक्के रुग्णांना दोन वर्षांत पुन्हा पित्ताचा त्रास झाला. पिशवी काढलेल्यांत हे प्रमाण २ टक्के होते. तब्येत झेपणारी असेल तर दोन आठवड्यांच्या आत, शक्यतो त्याच मुक्कामात, पिशवी काढावी असे आता तज्ज्ञ सांगतात. ‘महिन्या-दोन महिन्यांनी बघू’ म्हणून रुग्णाला घरी पाठवणे बंद झाले पाहिजे.

आरोग्य खात्याकडे माझे मागणे मोठे नाही. स्टेंट ठेवलेल्या प्रत्येक रुग्णाच्या हातात मराठीत, ठळक अक्षरांत, स्टेंट काढण्याची तारीख लिहिलेले कार्ड द्यावे. ती तारीख नातेवाइकांना तोंडीही सांगावी. ईआरसीपी करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने स्टेंटची स्वतंत्र वही ठेवावी आणि तारीख उलटली की फोन करावा. महात्मा फुले योजनेतून उपचार झाले असतील तर हा फोन रुग्णालयातले आरोग्यमित्र करू शकतात, फोन लागला नाही तर गावच्या आशाताईंना निरोप देता येतो. आणि ज्या वाचकांच्या घरी कोणाची ईआरसीपी झाली आहे, त्यांनी आजच कागद काढून स्टेंट आहे का ते बघावे. वाचता येत नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
सांगली जिल्हा