सोळा पानं गायब आणि सात दिवसांची मुदत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘रेडवॉल’ या पुस्तकाची सदोष प्रत बदलून मिळण्याबाबत

महोदय,

ब्रायन जेक्स यांची ‘रेडवॉल’ ही इंग्रजी कादंबरी आपल्याकडून ३ जूनला कुडाळला घरपोच आली. ४९९ रुपये आधीच भरले होते, पावती सोबत जोडली आहे. २१ जूनच्या रात्री पान १६० उलटलं, तर पुढे पुन्हा १४५! तिथून १६० पर्यंत तीच पानं परत, आणि मग एकदम १७७. म्हणजे एक फर्मा (सोळा पानांची एकत्र छापलेली घडी) दोनदा लागला आणि पुढचा राहिला. माझी उमेदीची वर्षं छापखान्यात गेली. बांधणीत अशी चूक होते, त्याचा मला राग नाही.

राग आहे तो मी हे कळवल्यावर आलेल्या आपल्या उत्तराचा. ‘परतीची सात दिवसांची मुदत संपली आहे, ५० रुपयांचं कूपन स्वीकारा.’ अहो, पुस्तक म्हणजे मिक्सर आहे का, खोक्यातून काढला, बटण दाबलं आणि कळलं?

माझी नात चौथीत, मराठी शाळेत आहे. रोज रात्री एक प्रकरण मी तिला वाचून दाखवतो, इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. १९८६ साली आलेलं हे पुस्तक मुळात वाचून दाखवण्यासाठीच लिहिलेलं आहे. जेक्स लिव्हरपूलमधल्या अंध मुलांच्या शाळेत दूध पोचवायचे आणि तिथल्या मुलांसाठी त्यांनी ते लिहिलं. म्हणून तर त्यात रेडवॉल या प्राण्यांच्या मठातल्या मेजवान्यांचं इतकं वर्णन आहे, की नातीला रोज झोपताना भूक लागते. त्यातल्या मोलांची, म्हणजे जमिनीत बिळं खणणाऱ्या प्राण्यांची, बोली गावरान आहे. मोलला मराठीत धड शब्द नाही, म्हणून मी त्यांना ‘भुईखणे’ केलं आणि मालवणी बोलायला लावलं. ‘हयसर खणूक व्हया’ म्हटलं की ती खिदळते. असं वाचलेलं पुस्तक सात दिवसांत पान १६० ला पोचत नाही.

आता तीन रात्री एकच प्रश्न : मठाला वेढा घालणारा क्लूनी उंदीर आत शिरला का? पहिल्या रात्री मधला भाग मी मनाने रचून सांगितला. तिने नायकाच्या बोलण्यावरून लगेच पकडलं, ‘आजोबा, मॅथायस असं बोलत नाही.’ आपल्या प्रतिनिधीने फोनवर सुचवलं, ‘सर, तेवढी पानं सोडून पुढे वाचा.’ यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

जाता जाता एक. आपल्या यादीत हे पुस्तक ‘प्राण्यांच्या गोष्टी, वय ३ ते ५’ खाली आहे. मुखपृष्ठावर उंदीर दिसला की बाळगोष्ट, असं नसतं. यात वेढा आहे, लढाया आहेत, लाडकी पात्रं मरतात. ते दुरुस्त करावं.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. मला कूपन नको. पूर्ण प्रत पाठवा आणि ही प्रत आपल्या खर्चाने घेऊन जा. नवी प्रत पाठवण्याआधी कुणीतरी १६१ ते १७६ ही पानं उघडून बघा. महिन्यात काही झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

आपला,
एक ग्राहक
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
२४ जून

सोबत : पावतीची प्रत, पान १६०, दुसऱ्यांदा आलेलं १४५ आणि १७७ यांचे फोटो