कांद्याच्या हंगामाएवढा धीर धरणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. आमच्या छोट्या कंपनीत पैसे गुंतवलेत, त्याचे आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. गुंतवणूकदाराच्या शोधात वणवण करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना असाही माणूस भेटू शकतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आमचं यंत्र साधं आहे. कांदाचाळीत बसवायचं, तापमान, दमटपणा आणि सडक्या कांद्यातून सुटणारा वायू मोजायचा, आणि एखाद्या कप्प्यात सड सुरू झाली की शेतकऱ्याला कळवायचं. तेवढा कप्पा उपसून निवडला की बाकीचा माल वाचतो. पण उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि भाव बघत बघत ऑक्टोबरपर्यंत चाळीत राहतो. म्हणजे यंत्राची खरी परीक्षा वर्षातून एकदाच. पावसाळ्याच्या दमट हवेत सेन्सर बिघडले, तर सुधारलेले सेन्सर तपासायला पुढचा पावसाळाच यावा लागतो.

नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या मुंबई-बंगळुरूच्या फंडांना मी हेच सांगत होते. ते शांतपणे ऐकत आणि मग विचारत, दर महिन्याला वाढ किती? त्यांचं गणित मला आता कळतं. फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची, पैसे त्यांनीही दुसऱ्यांकडून घेतलेले. बऱ्याच कंपन्या बुडणार हे धरूनच चालायचं आणि एखाददुसरीने सगळं भरून काढायचं. वर्षाला एकच हंगाम मिळणारी कंपनी त्यात बसत नाही. मग तसं तोंडावर सांगावं ना! सरळ नकार कुणी देत नाही, याचा मला अजूनही राग येतो. 'पुढच्या राउंडला (पैसे उभारण्याच्या पुढच्या फेरीला) बघू', 'आधी कुणीतरी लीड करू दे (पुढाकार घेऊन पैसे घालू दे), मग आम्ही येतो' यात महिनेच्या महिने जातात आणि पगाराची तारीख काही थांबत नाही. एका फंडाने टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कच्चा मसुदा दिला, पडताळणीसाठी सगळे हिशेब मागवून घेतले आणि मग फोन उचलणंच बंद केलं.

तुम्ही प्रेझेंटेशन उघडूही दिलं नाहीत. 'आधी चाळ दाखव' म्हणालात. येवल्याजवळच्या त्या चाळीत जाळीशी वाकून तुम्ही वास घेतलात, वरचे कांदे चाचपून पाहिलेत आणि मला बाजूला ठेवून घरातल्या वहिनींनाच विचारलंत, "सूचना आली की तुम्ही काय करता?" त्या म्हणाल्या, मेसेज यांच्या फोनवर येतो, हे असतात मळ्यात, आणि कांदा निवडायचं काम आम्हा बायकांचं. परतीच्या वाटेवर गाडीत तुम्ही पैशांचा विषयच काढला नाहीत. चाळीवरच दिवा लावता येईल का, एवढंच विचारलंत. आज आमच्या यंत्राच्या प्रत्येक डब्यावर तो लाल दिवा आहे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर मशिनशॉप चालवलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

करारातही तेच. कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदाराने आधी दुप्पट रक्कम काढून घ्यावी, असं कलम वकिलांनी तयार नमुन्यातून उचललं होतं. तुम्ही ते स्वतःहून एकपटीवर आणलंत. पैशांचे हप्तेही महिन्याच्या विक्रीला न बांधता हंगामाला बांधलेत: एक चाळ भरण्याआधी, एक चाळ रिकामी झाल्यावर.

मग 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी आली. त्याआधी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागलं होतंच. भाव कोसळले आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी नोंदवलेल्या ऑर्डरी एकेक करून रद्द होऊ लागल्या. शेतकऱ्याला दोष कोण देणार? हातात पैसाच नव्हता त्याच्या. तुम्हाला फोन कोणत्या तोंडाने करू असं झालं होतं, तर तुमचाच आला. "आगाऊ घेऊ नकोस कुणाकडून. डबे बसव, कांदा विकला गेला की पैसे घे. पुढचा हप्ता मी आत्ताच पाठवतो." बंदी 4 मे 2024 ला उठली, तीही टनाला 550 डॉलरचं किमान निर्यातमूल्य लावून. तोवर आमचे डबे चाळीत बसले होते. हंगाम सरल्यावर बहुतेकांनी आपणहून पैसे आणून दिले. आता आमचा सगळा धंदा याच पद्धतीने चालतो. ती पद्धत तुमची आहे, हे मी प्रत्येक नव्या गावात सांगते.

सातपूर-अंबडला कारखाने उभे केलेल्या तुमच्या पिढीकडे पैसा आहे, आणि धंद्याची जाण तर त्याहून मोठी. पण तो पैसा प्लॉट आणि फ्लॅटमध्ये अडकून पडतो. प्राप्तिकराच्या नोटिशींच्या भीतीने तुमचे काही मित्र अशा गुंतवणुकीपासून लांब राहिले, हे तुम्हीच सांगितलं होतंत. नव्या कंपनीत वाजवीपेक्षा जास्त भावाने आलेल्या गुंतवणुकीवर लागणारा 2012 पासूनचा एंजल टॅक्स 2024 च्या अर्थसंकल्पाने काढून टाकला आहे. तेव्हा आता त्यांनाही घेऊन या. चाळ दाखवायची जबाबदारी माझी.

आणि एक. दिंडोरीच्या दोन मुली द्राक्षावरच्या डाऊनीची (केवडा रोगाची) आगाऊ सूचना देणाऱ्या यंत्रावर काम करताहेत. ऑक्टोबर छाटणी वर्षातून एकदाच, त्यामुळे त्यांनाही सगळीकडे तोच महिन्याच्या वाढीचा प्रश्न ऐकावा लागतोय. तुम्हाला न विचारता मी त्यांना तुमचा नंबर दिला आहे, आणि लॅपटॉप घरी ठेवून काकांना आधी बागेत न्या, असं बजावून सांगितलं आहे.

तुमची,
कांदाचाळवाली