चार मिलिमीटरची एक जोडी

पुणे
रविवार दुपार

प्रिय शैले,

काल तू विणायच्या सुया घ्यायला गेलीस आणि दुकानातून फोन केलास तेव्हा मागून त्या माणसाचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, "ताई, पूर्ण सेटच घेऊन टाका." तेव्हाच ठरवलं की हिला आता लिहूनच कळवायचं. फोनवर तू "हो गं, हो गं" म्हणतेस आणि शेवटी करायचं तेच करतेस.

सेट घेतला नसशील तर घेऊ नकोस. घेतला असशील तर त्यातली चार मिलिमीटरची जोडी काढून घे आणि बाकीचा डबा माळ्यावर टाक. पहिलं वर्षभर तुला एवढीच जोडी पुरणार आहे. बारा जोड्या बघून माणूस विणायला लागत नाही, जोड्या लावत बसतो. माझंच सांगते.

आता नंबरांचा घोळ नीट समजून घे, कारण तू नोव्हेंबरात लेकीच्या, शाल्मलीच्या, बाळंतपणाला शिकागोला निघालीस आणि तिथे हा घोळ दुप्पट होतो. आपल्याकडे सुयांवर असतात ते नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, तारेच्या जाडीवरून आलेले. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होत जाते. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आठ म्हणजे चार, सहा म्हणजे पाच. अमेरिकेत बरोबर उलटा कारभार. तिथली आठ नंबरची सुई पाच मिलिमीटरची आणि सहा नंबरची चारची. म्हणजे आठ आणि सहा यांनी आपसात घरं बदलली म्हण ना! माझ्या नणंदेने तिथून एक नमुना पाठवला होता, त्यात "आठ नंबर" बघून मी खुशाल आपली आठ नंबरची सुई घेतली. महिनाभर मान मोडून ह्यांच्यासाठी विणलेला स्वेटर शेवटी दहावीतल्या भाच्याच्या अंगात गेला. तेव्हापासून मी नंबराकडे बघतच नाही, मिलिमीटर बघते. तूही तेच कर. सुईच्या टोपीवर बहुतेक दोन्ही छापलेलं असतं.

सुई कशाची घ्यायची? अॅल्युमिनियमची स्वस्त असते आणि हात बसला की भराभर चालते, पण तोवर टाके तिच्यावरून सटासट घसरतात. तू बांबूची घे. बांबू लोकरीला जरा धरून ठेवतो, त्यामुळे मध्येच दार उघडायला उठलीस तरी परत येशील तेव्हा टाके जागेवर असतील. लांबीने आखूड बघ, दहा इंची मिळाली तर उत्तम. आपल्या आया लांब सुया काखेत दाबून विणायच्या. आपण सोफ्याच्या कोपऱ्यात बसून विणणार, लांब सुई नुसती हाताला अडकते. आणि प्रवासात सुया चेक-इनच्या बॅगेत टाक. सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत घालत बसायचं आपलं वय नाही.

लोकर मात्र सुयांपेक्षा महत्त्वाची, आणि लोक नेमके तिथेच फसतात. मी पहिल्यांदा काळी घेतली होती, तीही मोहेर, मऊ मऊ केसाळ. दुकानात गालाला लावून बघितली आणि विरघळले. काळ्यावर रात्री टाके दिसत नाहीत, आणि मोहेर उसवायला गेलं की केस केसात गुंतून बसतात. शिकणारी बाई विणते त्याच्या दुप्पट उसवते गं. म्हणून चांगली उसवता येईल अशीच लोकर घ्यायची. फिक्या एका रंगाची, गुळगुळीत, घट्ट पिळाची आणि आठ प्लायची, म्हणजे मध्यम जाडीची. (हे "आठ" सुईच्या आठाशी काही नातं सांगत नाही, तो निव्वळ योगायोग.) चार प्लाय बारीक असते, ती घेतलीस तर दहा ओळी विणूनही बोटभर उंची होत नाही आणि उत्साह मावळतो. दुकानात गुंड्याचं टोक सोडवून दोन बोटांत उलटं पिळून बघ. पदर लगेच सुटे झाले तर सुईचं टोक दर टाक्याला त्यांच्यात घुसणार. ती ठेवून दे.

आपण जिला सरसकट लोकर म्हणतो तिच्यात मेंढीचा एक केसही नसतो बहुतेक वेळा. लुधियानाहून येणारी ती ॲक्रिलिक. तिला नाक मुरडणाऱ्या बायका आहेत, मी त्यातली नाही. शिकायला ॲक्रिलिक झकास, आणि बाळाच्या कपड्यांनाही. शाल्मलीच्या घरी सगळं मशीनमध्ये जाणार, मग ड्रायरमध्ये. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की केसांवरचे खवले एकमेकांत अडकून तिचा आटलेला नमदा होतो, आणि जावयाला काय सांगणार! ॲक्रिलिकला फक्त गरम इस्त्री दाखवू नकोस, कायमची मरगळते. सुती धागा सध्या नको. तो लोकरीसारखा ताणला जात नाही, नवख्या हाताची बोटं दुखतात.

अजून एक, आणि हे मी पैसे भरून शिकले आहे. लागेल तेवढी लोकर एकदम घे आणि प्रत्येक गुंड्याच्या पट्टीवरचा लॉट नंबर जुळवून घे. शेड नंबर म्हणजे रंग, लॉट म्हणजे एका वेळी रंगवलेला घाणा. एकाच रंगाचे दोन घाण्यांतले गुंडे ट्यूबलाइटखाली जुळे भाऊ वाटतात. माझ्या पिवळ्या जॅकेटच्या पाठीवर दिवसाउजेडी आडवा पट्टा दिसतो. मी ते जॅकेट फक्त संध्याकाळनंतर घालते.

बाकीचं सामान? मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची एक सुई, टोकं आत लपवायला आणि तुकडे जोडायला. ती मात्र विकत घे, घरातली शिवणाची सुई लोकर चिरते. कात्री, टेप तुझ्याकडे आहेच. खुणेच्या रिंगा म्हणून रंगीत प्लॅस्टिकचं पाकीट गळ्यात मारतील, त्याऐवजी दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा फास सुईत अडकव. सुटलेला टाका धरायला सेफ्टी पिन.

पहिल्याच फटक्यात बाळाचा स्वेटर घेऊ नकोस, शैले. मला माहीत आहे तुझ्या डोक्यात बाळंतविडा आहे, झबलं-टोपरं-मोजे सगळं एका रंगाचं. पण बाह्या आणि गळ्याशी तू अडशील आणि बाळ रांगायला लागेल. त्यापेक्षा चौकोन विण. चाळीस टाके घाल आणि जा-ये सगळं सुलटच विणत राहा. दोन ओळींचा मिळून एक उंचवटा उठतो, तेच मोजायचे, ओळी मोजायचं यंत्र लागत नाही. उलट टाका मग शिक. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलेल्याच्या कडा सुरळी होऊन गुंडाळतात, सगळ्या सुलटात ते होत नाही. वीतभर चौकोनाला वीस-पंचवीस ग्रॅम लोकर लागते. असे बारा झाले की जोडून दुपटं तयार, म्हणजे एकूण तीनशे ग्रॅम धर. पहिला चौकोन वाकडा येईल, सातवा सरळ येईल, आणि दुपट्यात दोन्ही खपून जातील. जाळीचा नमुना मात्र नको, बाळाची बोटं भोकांत अडकतात.

आणि लडी मिळाली तर घेऊ नकोस, तयार गुंडाच घे. तुला आठवतं, वाड्यात तुझी आई आपल्याला समोर बसवून हातांवर लडी घालायची? तू नाक खाजवायला एक हात काढलास आणि सगळा गुंता झाला, तो सोडवायला दिवाळीची सुट्टी गेली. तू मला पुढे करून पळालीस हे मी विसरलेले नाही.

बुधवारी मुकुंदा सांगलीला येतोय. त्याच्याबरोबर माझी जुनी दहा नंबरची जोडी पाठवते, दुपटं झालं की टोपऱ्याला होईल. त्यातली एक सुई जरा वाकली आहे, ती डाव्या हातात धर.

तुझी,
नलू