यंदाचा गोठा माझ्याकडे

प्रिय आई-बाबा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "यंदा नाताळला येशूजन्माचा गोठा नको, दोघांसाठी कशाला एवढा पसारा." आई काहीच बोलली नाही, म्हणजे तिला ते पटलेलं नाही. फोनवर बाबांपुढे माझं काही चालत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

इथे हॅम्बुर्गला सप्टेंबरपासूनच दुकानांत नाताळचा खाऊ येतो. नाताळआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळाचं म्हणाल, तर मुलांच्या हाती चोवीस खिडक्यांचं चॉकलेटचं कॅलेंडर असतं. पण आपल्या देवळात आल्तारापाशी, म्हणजे वेदीपाशी, चार मेणबत्त्यांचं जे हिरवं चक्र ठेवतात ना, त्याचं मूळ याच शहरात आहे. योहान हिन्‍रिख विचेर्न नावाचे गृहस्थ इथे गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे. "नाताळ कधी, नाताळ कधी" म्हणून मुलं रोज त्यांचं डोकं खायची. शेवटी १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, एरवी रोज एक छोटी पेटवायची आणि रविवारी मोठी. आपण कॅथलिक, आणि ही कल्पना प्रोटेस्टंटांची निघाली हो बाबा! फादरांना सांगा आणि त्यांचं तोंड बघा.

आपल्या घरी दिवस मोजले जायचे ते पेंढ्याच्या काड्यांनी. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आई घरातल्या आल्ताराखाली काड्यांची जुडी आणि बाळ येशूची रिकामी गव्हाण ठेवायची. एक चांगलं काम केलं की गव्हाणीत एक काडी. विहिरीचं पाणी आणलं, टाक काडी. दादाशी भांडले नाही, टाक काडी. दादाने एकदा सगळे झोपल्यावर मूठभर काड्या कोंबल्या आणि मी सकाळी बोंब ठोकली. आई, तू त्या काढल्या नाहीस. "राहू दे, बाळाला मऊ लागेल," म्हणालीस. मला केवढा राग आला होता तुझा! आज माझी मुलं भांडतात तेव्हा तुझं ते वाक्य मला वेळेवर सुचत नाही.

बाबांचं खातं चांदणीचं आणि नाचणीचं. वाडीतल्या बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, आईने शिजवलेली खळ आणि आत झीरोचा दिवा. आता सगळीकडे प्लास्टिकच्या चांदण्या लुकलुकतात. मला त्या आवडत नाहीत, म्हणोत कोणी जुनाट. नाचणी करवंट्यांत पेरायची, म्हणजे गोठ्यापुढे हिरवं शेत होतं. थंडी जास्त असली की दोन दिवस आधी पेरायची, हे गणित बाबांचं. ते मला अजून जमत नाही. इथल्या खिडकीत तर नुसता बुरशीचा गालिचा उगवला.

तुम्ही दोघं दिवसभर वाडीत राबून हे सगळं रात्री करायचात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. आई नाताळच्या गोड कलकलांचं पीठ मळायला बसायची तेव्हा आमच्या डोळ्यांवर झोप असायची. काट्याच्या पाठीवर एकेक गोळी दाबून वळायची, आमची वेडीवाकडी निघाली तरी तळणीत सगळी एकच. केकचे डबे बेकरीत द्यायला मात्र मीच पळायचे, चिठ्ठी चिकटवून, नाहीतर शेजारच्यांचा केक आपल्या घरी यायचा.

आणि ग्लोरिया, ते देवाचं स्तुतिगीत! आगमनकाळात मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, ग्लोरिया म्हणत नाहीत, मग नाताळच्या रात्री घंटा वाजतात आणि अख्खं देऊळ मराठीत गातं. बाबा मात्र ओठांतल्या ओठांत लॅटिन म्हणायचे आणि आई कोपराने ढोसायची. मिस्सेत लोकभाषेला वाट करून देणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला साठ वर्षं होऊन गेली, तरी बाबांची लॅटिन काही सुटत नाही.

तर मी २० तारखेला मुलांना घेऊन येते आहे. गोठा आम्ही उभारू. बाबा, पेंढा गवळ्याला देऊन टाकू नका आणि नाचणी तेवढी वेळेवर पेरा. गोठ्यातल्या मेंढीच्या मूर्तीचा मोडका पाय चिकटवायला मी गोंद आणते. बाळ येशूच्या भेटीला निघालेल्या तीन राजांच्या मूर्ती ६ जानेवारीला गोठ्यात पोचेपर्यंत आम्ही आहोत. आई, पिठाला हात लावायचा नाही, कलकल आम्ही वळू. इंद्याल, ते मांसाचं झणझणीत कालवण, मात्र तूच कर. माझ्या हातचं बाबा ताटात नुसतं चिवडत बसतात.

तुमची,
धाकटी