जुन्या मालिका मुलांच्या शेजारी बसून पाहाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाची झड लागली की मुलांचे मैदान सुटते आणि दिवसाचे कित्येक तास मोबाइलच्या पडद्यावर जातात. अशा दिवशी ‘मोबाइल ठेव’ असे सतत बजावत राहण्यापेक्षा पालकांनी दूरदर्शनवरील एखादी जुनी, चांगली मालिका लावावी आणि मुख्य म्हणजे मुलांच्या शेजारी बसून ती पाहावी, अशी माझी सर्व पालकांना आग्रहाची विनंती आहे. मालिका लावून देऊन आपण आपल्या कामाला निघून गेलो, तर तिचा निम्मा उपयोग तिथेच संपतो.

शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मालगुडी डेज’चेच उदाहरण घेऊ. आर. के. नारायण यांच्या कथांवर आधारलेली, आर. के. लक्ष्मण यांच्या रेखाचित्रांनी सजलेली आणि कर्नाटकातील आगुंबे येथे चित्रित झालेली ही मालिका १९८०च्या दशकातील असली, तरी तिच्यातील स्वामी हा मुलगा आजच्या मुलांना परका वाटत नाही. धैर्य असले की सारे काही साधते, असे म्हणणारे वडील स्वामीला रात्री एकट्याने त्यांच्या खोलीत झोपायला लावतात. भीतीने दडून बसलेला तो मुलगा अंधारात कुणाचा तरी पाय कडकडून चावतो आणि चोर पकडून दिला म्हणून दुसऱ्या दिवशी शूर ठरतो. हे पाहताना ‘तो शूर होता की घाबरला होता?’, ‘त्याच्या बाबांचे वागणे बरोबर होते का?’ असे प्रश्न मुले आपणहून विचारतात. कित्येकदा त्याच ओघात स्वतःच्या मनातली एरवी न सांगितलेली भीतीही बोलून दाखवतात, आणि ते ऐकायला आपण तिथे असणे मला फार मोलाचे वाटते.

या मालिकांची गती संथ आहे, हे मान्यच करायला हवे. दर काही सेकंदांनी दृश्य बदलण्याची सवय झालेले मूल सुरुवातीला चुळबूळ करते. म्हणून पहिल्यांदा एका भागात पूर्ण होणारी कथा निवडावी आणि एका दिवशी एक किंवा फार तर दोन भाग पाहावेत. वयाचाही विचार हवा. अगदी लहानांना जपानमध्ये तयार झालेली आणि हिंदीत आलेली ‘मोगली’ची मालिका आवडते, त्यातील शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज आहे, हे कळल्यावर घरातील मोठेही येऊन बसतात. बासू चॅटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्षी’ मात्र खुनांच्या तपासाची असल्याने किशोरवयीन मुलांसाठीच राखावी आणि उलगडा होण्याआधी थांबवून त्यांचा तर्क विचारावा. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ५३ भागांची आहे. ती सलग दाखवण्याचा हट्ट नसावा. इतिहासाच्या पुस्तकात जो धडा चालू आहे, त्या काळाचा भाग निवडला की मुले लक्ष देऊन पाहतात. शिवाजी महाराजांच्या भूमिकेतील नसीरुद्दीन शाह हे तर त्यांच्यासाठी वेगळेच आकर्षण ठरते.

जुन्या काळाबरोबर त्या काळचे दोषही येतात. शिक्षकांचा मार, स्त्रियांना दिलेले दुय्यम स्थान, सर्रास धूम्रपान अशी दृश्ये आली की घाईने पुढे न सरकवता तिथे थांबून बोलावे. शक्य असल्यास तो भाग आधी स्वतः पाहून ठेवावा.

एक लहानशी तांत्रिक बाबही सांगावीशी वाटते. या मालिका ४:३ या प्रमाणातल्या चौकटीसाठी चित्रित झाल्या आहेत. रुंद पडद्यावर त्या ताणून दाखवल्या की माणसे बुटकी आणि फुगीर दिसतात आणि मुले त्यांना हसू लागतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तरी चालतील, पण टीव्हीची सेटिंग बदलून मूळ चौकटच ठेवावी.

प्रसारभारतीलाही आपल्या वृत्तपत्राद्वारे एक विनंती करतो. ‘भारत एक खोज’सारख्या मालिकांतील हिंदी भाषा मराठी माध्यमाच्या लहान मुलांना जड जाते. अशा निवडक मालिका मराठी उपशीर्षकांसह, मूळ श्रेयनामावली न कापता आणि भागांच्या योग्य क्रमाने उपलब्ध करून दिल्या, तर पालकांना त्या दाखवणे पुष्कळ सोपे होईल. याची सुरुवात मुलांच्या मालिकांपासून व्हावी.

आपला विश्वासू,
एक पालक