अप्रेझलमधलं ते वाक्य

प्रिय मनू,

काल तू म्हणालीस की अप्रेझलमधे लिहिलंय, काम उत्तम पण मीटिंगमधे बोलत नाही, म्हणून टीम लीडसाठी अजून तयार नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

स्वभाव आणि नेतृत्व यावर झालेले बरेच अभ्यास टिमोथी जज या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी 2002 मधे एकत्र तपासले. बोलक्या, मिसळणाऱ्या स्वभावाचा नेतृत्वाशी संबंध निघाला 0.31 (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण), आणि जबाबदारीनं, नेटानं काम करण्याचा 0.28, म्हणजे जवळजवळ सारखाच! त्यातही बोलकेपणाचा फायदा लोकांच्या डोळ्यात भरायला जास्त होतो, पुढे ते काम नीट निभवायला तेवढा नाही.

भोसरीला आमच्या वर्कशॉपवर एक सुपरवायझर होते, आवाज कधी चढला नाही. शिफ्टच्या आधी येऊन लॉगबुक वाचायचे, कुठलं मशीन बंद पडलं, कोणाचा बनवलेला पार्ट रिजेक्ट झाला, मग सरळ त्या ऑपरेटरजवळ जाऊन विचारायचे आणि तो बोलत असताना मधे एक शब्द काढायचे नाहीत, त्यामुळे त्यांच्यापासून कोणी चूक लपवायचं नाही. 2011 मधे ॲडम ग्रँट वगैरे संशोधकांनी पिझ्झाच्या दुकानांचा अभ्यास केला, त्यातही हेच दिसतं, जिथे कामगार स्वतःहून सूचना करतात तिथे शांत मॅनेजरचं दुकान जास्त नफा कमावतं. कामगार सांगेल तेवढंच करणारे असतील तर मात्र बोलका मॅनेजर सरस ठरतो. तुझ्या टीममधली पोरं कुठल्या प्रकारची आहेत ते तुलाच माहीत.

दुसरं, लेव्हल बदलली की कामच बदलतं. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या रॉबर्ट कॅट्झनं 1955 मधेच मांडलंय की खाली हातातलं तांत्रिक कौशल्य जास्त लागतं, वर जाऊ तसं ते कमी होत जातं आणि अख्खा धंदा डोक्यात धरता येणं महत्त्वाचं होतं, माणसं सांभाळणं मात्र सगळीकडे आहेच. म्हणून आधी ठरव की तुला ते रोजचं काम करायचंय का, नुसतं पद नाही. कोडिंगमधेच जीव रमत असेल तर तसं स्पष्ट सांग, बऱ्याच कंपन्यांत त्याची वेगळी लाइन असते.

आणि लीड व्हायचंच असेल तर मॅनेजरला एकटं गाठून विचार, नेमक्या कुठल्या मीटिंगमधे मी बोलायला हवं होतं आणि त्यानं काय बदललं असतं. पुढच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी तुझे दोन मुद्दे मेलवर पाठवून ठेव, म्हणजे ते तुझ्या नावावर राहतील. तुझी आई म्हणते मोठ्यानं बोलायची सवय कर, मला ते अजिबात पटत नाही.

तुझा,
बाबा